अटक करावी का, हे कोणाला विचारायचं?

मार्च १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात काही पोलिसांच्या हाती रंगीत कागदांची पॅडं देण्यात आली. नवऱ्याने किंवा जोडीदाराने मारल्याची तक्रार आली, दुखापत गंभीर नसली आणि दोघंही जागेवर सापडली, की पोलिसाने पॅडवरचा सगळ्यात वरचा कागद पाहायचा. त्याच्या रंगावरून ठरायचं, की मारणाऱ्याला अटक करायची, त्याला आठ तासांसाठी घराबाहेर काढायचं, की समजूत घालून परत फिरायचं. कोणत्या घरी कोणता रंग निघणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आधीच ठरवून ठेवलं होतं. लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या दोन अभ्यासकांचा हा प्रयोग. नव्या औषधाची परीक्षा जशी घेतात, तशी त्यांनी अटकेची घेतली.

पुढच्या सहा महिन्यांत त्याच माणसाने पुन्हा मारलं का, हे त्यांनी दोन वाटांनी तपासलं. पोलिसांच्या दफ्तरात पाहिलं, आणि त्या बायकांना पुन्हा पुन्हा गाठून विचारलं. ३१४ प्रकरणं हाती होती. दफ्तराप्रमाणे अटक झालेल्यांपैकी १० टक्के पुरुषांनी पुन्हा मारलं, समजूत घातलेल्यांपैकी १९ टक्क्यांनी, बाहेर काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी. अटक सरस ठरली. १९८४ मध्ये निबंध छापून आला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि पुढच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी अशा प्रसंगी अटक सक्तीची करणारे कायदे केले. गंमत सोडाच, खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे खुद्द शर्मन आणि बर्क यांनी अटकेकडे कल ठेवावा असं सांगतानाच सक्ती मात्र नको असं लिहिलं होतं. तेवढा भाग कोणी वाचला नाही.

आता बायकांनी काय सांगितलं ते पाहा. त्यांच्या मुलाखतींप्रमाणे पुन्हा मार खाण्याचं प्रमाण अटकेच्या गटात १९ टक्के होतं, समजुतीच्या गटात ३७ आणि बाहेर काढण्याच्या गटात ३३. घरं तीच, महिने तेच, तरी दफ्तरातल्या आकड्यापेक्षा बायकांचा आकडा कुठे दुपटीच्या घरात, कुठे दीडपटीच्या आसपास. अटक इथेही पुढेच आहे, पण समजूत आणि बाहेर काढणं यांनी जागा बदलल्या आहेत. शिवाय शेवटच्या मुलाखतीपर्यंत टिकल्या त्या निम्म्याच बायका. उरलेल्या निम्म्यांच्या घरी काय झालं असेल, याचा अंदाज दोन्ही बाजूंनी करता येतो. कोणी सुखात असेल म्हणून बोलली नसेल. कोणाला बोलूच दिलं गेलं नसेल.

मला शर्मन यांचं मोठेपण पुढच्या पावलात दिसतं. आपला निष्कर्ष इतका गाजल्यावरही त्यांनी मिलवॉकीत हाच प्रयोग १,२०० प्रकरणांवर पुन्हा केला. आणखी चार शहरांत इतरांनी केला. मिलवॉकीत निघालं, की नोकरी असलेला माणूस अटकेने वचकतो, बेकार माणूस अटकेनंतर जास्त मारतो. गमावण्यासारखं काही असलं तरच तुरुंगाची भीती. पाचही शहरांतली चार हजारांवर प्रकरणं नंतर एकत्र मांडली गेली, तेव्हा अटकेचा फायदा दिसला, पण बेताचाच. आणि २०१५ मध्ये मिलवॉकीतल्या त्याच बायकांचा तेवीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जोडीदाराला नुसती ताकीद मिळाली होती त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्या बायकांत मृत्यूचं प्रमाण ६४ टक्क्यांनी जास्त होतं. हे खून नव्हते, बहुतेक मृत्यू आजारपणाचे होते. असं का झालं असेल, याचं उत्तर चिठ्ठ्या टाकून मिळत नाही. त्यासाठी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागतं, वर्षानुवर्षं.

आपल्याकडे नेमका हाच प्रश्न उलट दिशेने सुटला. २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं, की विवाहितेच्या सासरच्या छळाबद्दलच्या कलम ४९८-अ खाली तक्रार आली म्हणून पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, अटक केलीच तर कारणं लिहावीत. हा आदेश मला योग्य वाटतो. गरज नसताना कोणालाही कोठडीत टाकू नये, मग ती सासू असो वा चोर. पण आदेशामागचं गणित पाहा. न्यायालयापुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०१२ चा तक्ता होता. वर्षभरात १,९७,७६२ जणांना अटक, ९३.६ टक्के प्रकरणांत आरोपपत्र, आणि शिक्षा फक्त १५ टक्क्यांत. त्यावरून न्यायालयाने पुढचा हिशेबही मांडला, की तेव्हा प्रलंबित असलेल्या ३,७२,७०६ खटल्यांपैकी सुमारे ३,१७,००० खटल्यांत आरोपी सुटतील. निकालपत्रात नाराज बायका या कलमाचा हत्यारासारखा वापर करतात असं मत आहे, आणि त्याच मताच्या जोडीला हे आकडे येतात.

पंधरा टक्के शिक्षा, म्हणजे पंच्याऐंशी टक्के तक्रारी खोट्या? कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या वकिलाला विचारा. तक्रारीनंतर तीन-चार वर्षांनी बैठक बसते. स्त्रीधन परत, एकरकमी पोटगी, संमतीने घटस्फोट असं ठरतं. मग फिर्यादी पिंजऱ्यात येऊन सांगते की मला काही आठवत नाही. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतो, आरोपी निर्दोष सुटतो. काही बायका नांदायला परत जातात, तिथेही खटल्याचा शेवट हाच होतो. खोटी तक्रारही याच रकान्यात जाऊन बसते. तिन्ही गोष्टी तक्त्यात एकसारख्या दिसतात, कारण तक्ता खटल्याचा शेवट मोजतो, घरात काय घडलं ते मोजत नाही. त्यातच या विभागाची मोजणी अशी, की एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर कलमच धरायचं. छळ होऊन बाई मेली, तर ती हुंडाबळीत किंवा खुनात मोजली जाते आणि छळाच्या रकान्यातून नाहीशी होते.

२०२२ मध्ये देशात या कलमाचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. आता हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशेजारी ठेवा. २०१९ ते २१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात जवळपास चारातली एक. देशभरात ही माणसं कोटींत भरतात. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली, तीही बहुतेक माहेरी. पोलीस चौकी यादीत फार खाली आहे.

हा २९ टक्क्यांचा आकडा कसा मिळाला, हे मला आकड्याइतकंच मोलाचं वाटतं. सर्वेक्षणात ‘तुमच्यावर हिंसाचार होतो का’ असं कोणी विचारत नाही. थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, लाथ मारली का, असं एकेक विचारतात. एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला तरच. एवढी काळजी घेऊनही हे सर्वेक्षण त्या बाईला नंतर पुन्हा भेटत नाही. अटक झाली तर पुढे काय, नोटीस दिली तर काय, समुपदेशन झालं तर काय, हे त्यातून कळत नाही.

मग मिनिआपोलिससारखा प्रयोग इथे करावा का? चिठ्ठी टाकून एका बाईच्या नवऱ्याला अटक आणि दुसरीच्या नवऱ्याला समज, हे ऐकूनच अनेकांना राग येईल. पण आज ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर, ओळखीवर, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन बोळवण करायच्या सवयीवर जे ठरतं, त्याच्यापेक्षा चिठ्ठी अन्यायाची आहे असं मला वाटत नाही. माझी हरकत वेगळी आहे. प्रयोगात काय मोजायचं, ते आधी ठरवावं लागतं. शर्मन यांनी ‘सहा महिन्यांत पुन्हा मारलं का’ हे मोजलं. आपल्याकडे नवऱ्याने पुन्हा हात लावला नाही, पण घराबाहेर काढलं, पोरं ठेवून घेतली, सासूने चूल वेगळी करायला लावली, तर तो प्रयोग यशस्वी म्हणायचा का?

हे कसं ठरवायचं, याचं उत्तर जवळच आहे. मिनिआपोलिसचा निबंध छापला गेला त्याच साली, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेल्या समाजकार्यकर्त्या तिथे बसल्या. पुढे हे कक्ष राज्यभर पसरले. तिथे येणारी बाई पहिल्या दिवशी शिक्षा मागतेच असं नाही. मार थांबावा, घरात राहता यावं, मुलं आणि दागिने मिळावेत, नवऱ्याला कोणीतरी धाक घालावा, असं ती सांगते, आणि दोन महिन्यांनी तिचं मागणं बदललेलं असतं. चाळीस वर्षांच्या या ऐकण्यातून ‘सुटका’ म्हणजे काय याची बायकांनीच केलेली व्याख्या मिळू शकते. मोजणी तिथून सुरू व्हावी.

गृह विभागाकडे माझी मागणी छोटी आहे. ४९८-अ ची, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ची, जी तक्रार येईल, आणि जी नुसती एनसी होऊन राहील तीसुद्धा, त्या बाईची सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी कोणीतरी चौकशी करावी. हे काम पोलिसांनी करू नये, कक्षातल्या कार्यकर्तीने करावं. पोलिसांनी तेव्हा काय केलं होतं, ते तिच्या उत्तराशेजारी लिहावं. पाच वर्षांत अटकेबद्दल काहीतरी ठामपणे बोलता येईल. अडचण खरी आहे ती फोनची. नंबर बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो, फोन सासूच्या हातात असतो. म्हणून पहिल्याच भेटीत अर्जावर दोन ओळी जास्त हव्यात. कोणामार्फत निरोप पाठवला तर चालेल, बहीण, शेजारीण की आशाताई, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी.