किल्ली पर्समध्ये, गाडी मात्र गप्प

गाडी चालवणाऱ्या बायका आता तालुक्याच्या गावांतही काही कमी नाहीत. पण गाडी अडली की काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाले क्लच-ब्रेक आणि रिव्हर्स शिकवून मोकळे होतात. त्यात हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना किल्ली फिरवायची नसतेच. ती पर्समध्ये ठेवायची आणि नुसतं बटण दाबायचं.

आमच्या मंडळातल्या एक शिक्षिका सासूबाईंना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी नेतात. एकदा परतताना दवाखान्याच्या आवारात गाडी सुरूच होईना. समोर 'किल्ली सापडत नाही' असा संदेश, आणि किल्ली तर हातात! गॅरेजवाल्याने फोनवर निकाल दिला, "टो करावी लागेल, साहेबांना फोन द्या." साहेब तेव्हा दीडशे किलोमीटरवर. शेवटी तिथल्याच एका टॅक्सीवाल्या भाऊंनी किल्ली बटणाला टेकवून धरायला सांगितली, ब्रेक दाबून बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली!

यात जादू काही नाही. दोष होता किल्लीतल्या नाण्याएवढ्या सेलचा. सेल उतरला की किल्लीचा संदेश गाडीपर्यंत पोचत नाही. पण किल्लीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. अगदी जवळ नेली की गाडी तिला ओळखते. बहुतेक गाड्यांत ही जागा बटणापाशीच असते, काहींत दुसरीकडे. गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. दारच उघडत नसेल, तर किल्लीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपवलेली असते, ती बाहेर काढून बघा. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ असतो, तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या. आणि किल्ली पर्समध्ये मोबाईलला चिकटून ठेवू नका, त्यानेही संदेश अडतो.

दिवे लागतात पण इंजिन गप्प, असं असेल तर आधी पाय बघा. ऑटोमॅटिकला ब्रेक आणि गिअरच्या गाडीला क्लच पूर्ण दाबल्याशिवाय बटण इंजिनाला हात लावत नाही. ऑटोमॅटिकचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर हवा. ब्रेक दाबूनही मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला असण्याचा संभव आहे. तेवढं सांगितलं की मेकॅनिक उगाच भलतीकडे शोधत बसत नाही. स्टिअरिंग अडकलं असेल तर ते डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा.

टकटक आवाज आला, दिवे मंदावले, हॉर्न रडका वाजला, तर मोठी बॅटरी उतरली समजा. दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना लाल वायर आधी, अधिकला अधिक. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि तिचं दुसरं टोक सर्वांत शेवटी, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. ऑटोमॅटिक गाडी मात्र ढकलून सुरू होत नाही, जमलेली मंडळी कितीही उत्साही असली तरी! आणि स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर सेल-किल्लीच्या नादी न लागता सरळ मेकॅनिकला बोलवा.

आता घरातली गंमत. नवरा बाजारात उतरतो, किल्ली त्याच्या खिशात, आणि चालू गाडी बायको पुढे नेते. गाडी चालत राहते, पण घरी जाऊन बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. दुसरी किल्ली असते कपाटाच्या लॉकरमध्ये, वर्षानुवर्षं! ती गाडी चालवणाऱ्या बाईकडे का नसावी? गाडी घरी येते त्या दिवशी शोरूमचा मुलगाही सगळं समजावतो ते साहेबांनाच. ताई पेढ्यांचा पुडा आणि हार धरून शेजारी उभ्या.

पुढच्या वेळी पेढे त्यांच्या हातात द्या आणि त्या मुलाला सांगा, किल्ली उघडून सेल कसा बदलायचा ते मला दाखव.