सब्र करा, पण पाणीही प्या

‘हजला निघालात, थोडा त्रास सोसा!’ विमानातल्या अडचणींबद्दल बोललं की हे उत्तर ठरलेलं. सब्र इबादत आहे, मान्य. पण ज्या त्रासावर इलाज आहे, त्यालाही सब्र म्हणणं ही बेपर्वाई आहे.

आपले बुलडाण्याचे बुजुर्ग मलकापूरला रेल्वे धरतात, रात्र जागून मुंबई गाठतात. पुढे जिद्द्यापर्यंत पाच-साडेपाच तास सतरा-अठरा इंची सीटवर. उमऱ्याला जाताना विमानातल्या शौचालयाचं दार कसं उघडायचं हे माझ्या अम्मींना ठाऊक नव्हतं, विचारायची लाज वाटली. म्हणून घोटभर पाणीही घेतलं नाही. उतरल्या तेव्हा पाय सुजलेले. तासन्‌तास न हलता बसलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हार घालायला शंभर माणसं, दावतींना तोटा नाही. तरबियत शिबिरात दुआ पाठ करून घेतो. मग मशिदीत चार खुर्च्या मांडून पट्टा लावणं, अधूनमधून उठून चालणं का शिकवत नाही? कुरआनने हज ऐपत असणाऱ्यांवरच फर्ज केला. शरीरही ऐपतीतच येतं. यंदा हार कमी आणा, ही शिकवणी घ्या.