पाट्याची कुळकथा

स्वयंपाकघरांत ग्रॅनाइटचा नवा ओटा बसला, कीं जुना पाटा-वरवंटा माळ्यावर जातो. पाटा म्हणजे सामान्य काळा दगड आणि ग्रॅनाइट कोणी कुलीन पाषाण, अशी समजूत यामागें असते. वाचकांनीं दोघांचें कूळ एकदां तपासावें, अशी आमची विनंती आहे.

भूगर्भांतील वितळलेल्या खडकास शिलारस म्हणतात. तो निवून जो पाषाण होतो तो अग्निजन्य. त्याचें कूळ दोन प्रश्नांनीं ठरतें.

पहिला प्रश्न : रस कोठें निवाला? पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. घोटून भराभर निवविला तर बारीक कणी पडते. तसेंच येथें. खोल भूमींत रस निवण्यास लाखों वर्षेंही लागतात आणि स्फटिक डोळ्यांस दिसण्याइतके वाढतात. ग्रॅनाइट असाच घडतो; त्यांतील गार, फेल्स्पार व अभ्रक वेगवेगळे ओळखतां येतात. पृष्ठभागावर वाहून आलेला रस मात्र लवकर थिजतो, आणि बारीक कणांचा बेसाल्ट होतो. भेगेंत निवलेला डोलेराइट या दोहोंच्या मधला.

दुसरा प्रश्न : रसांत सिलिका किती? शेंकडा 66 हून अधिक असल्यास खडक सिकत. 52 ते 66 मध्यम. 45 ते 52 अल्पसिकत. त्याहून कमी तो अत्यल्पसिकत. 'सिकता' म्हणजे वाळू, हें संस्कृत जाणणारांस सांगावयास नको. ग्रॅनाइट सिकत, बेसाल्ट अल्पसिकत. बेसाल्टचाच रस खोल निवला तर गॅब्रो होतो; ग्रॅनाइटचा रस वर येऊन निवला तर रायोलाइट.

आपल्या देशावरील पाटा बहुधा बेसाल्टचा. सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं शिलारसाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीच्या पायऱ्या त्यांच्याच. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं त्याच पाषाणांत कोरलीं आहेत. कोयनेजवळ भूमींत छिद्र घेतलें तेव्हां सुमारें 930 मीटर बेसाल्ट लागला, आणि त्याखालीं ग्रॅनाइटच्या जातीचा फार प्राचीन खडक.

आतां ओट्याकडे वळूं. बाजारांत 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकतात, तो शास्त्रदृष्ट्या बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. म्हणजे माळ्यावर टाकिलेल्या पाट्याचाच भाऊबंद, झिलई चढवून, मोल देऊन आपण घरांत आणिला!

म्हणून पाटा खालीं काढावा, धुवावा, आणि मुलांच्या हातीं भिंग देऊन ओटा व पाटा शेजारीं शेजारीं पाहूं द्यावा. कण केवढे आहेत, रंग काळा कीं फिका, एवढेंच विचारावें. खडकांचीं नांवें घोकून घेतलेलीं परीक्षेनंतर विसरतात. डोळ्यांनीं पाहिलेलें जन्मभर राहतें.