पोचपावती कधी द्यावी?



आपल्या लिंबायतेतील कित्येक घरांची नाळ खानदेशात पुरलेली आहे. पगार यंत्रमागावर होतो आणि त्यातील वाटा नंदुरबार, शिरपूर, अमळनेरकडे जातो. पूर्वी तो मनिऑर्डरीने जाई. घरच्या माणसाची सही वा अंगठा असलेली पोचपावती परत आल्यावाचून पाठविणाऱ्याचा जीव भांड्यात पडत नसे.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याचे वडील उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. आईच्या औषधांसाठी त्यांनी मोबाईलवरून दोन हजार रुपये गावी पाठविले होते. रक्कम खात्यातून वजा झाली. गावी मात्र जमा झाली नाही. "गुरुजी, पुन्हा पाठवू की थांबू?" पुन्हा पाठवावे तर पैसे दोनदा जाण्याची भीती, थांबावे तर औषधे अडलेली.

योगायोगाने माझा एक माजी विद्यार्थी भेटीस आला होता. तो जावा भाषेत मोठ्या संस्थांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्यापुढे हीच अडचण नित्य असते. अमुक खात्यात रक्कम जमा करा, असा निरोप रांगेत येतो. आज्ञावली तो उचलते, खातेवहीत नोंद करते आणि रांगेला पोच देते. पोच आधी दिली आणि नोंदीपूर्वी यंत्र बंद पडले, तर निरोप हरवतो. नोंद आधी केली आणि पोच राहिली, तर तोच निरोप पुन्हा येतो व रक्कम दोनदा जमा होते."

"मग उपाय?"

"उचलणे आणि नोंदणे एकाच व्यवहारात बांधायचे. घडली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. २००१ साली आलेल्या एंटरप्राइझ जावाबीन्सच्या २.० आवृत्तीपासून निरोप घेणाऱ्या घटकास ‘रिक्वायर्ड’ असे नेमता येते. मग निरोप उचलणेही व्यवहारातच धरले जाते. ‘नॉट सपोर्टेड’ नेमले तर ते बाहेर राहते. मात्र रांग व खातेवही दोन्ही त्या व्यवहारात सामील होतील, अशी जुळणी हवी. शिवाय प्रत्येक निरोपास स्वतंत्र क्रमांक असावा, म्हणजे तोच पुन्हा आला तर ओळखता येतो. वारंवार फसणारा निरोप ‘डेड लेटर क्यू’त ठेवतात. हे नाव टपाल खात्याच्या बेवारस पत्रांच्या कचेरीवरून आले आहे."

"आणि सर्वांत मोठी चूक?"

"चूक गिळणे. नोंद फसली आणि आज्ञावलीने ती आतल्या आत दाबली, तर यंत्रणा काम झाले असे समजते. पोच जाते आणि निरोप नाहीसा होतो."

मग त्याने त्या गृहस्थांना धीर दिला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठविलेली रक्कम वजा होऊन समोरच्या खात्यात जमा न झाल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते. पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई असते. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा, असेही त्याने बजावले. औषधांसाठी आम्ही गावच्या दुकानदारास फोन करून उधारीची विनंती केली. त्या भल्या माणसाने ती मानली. दुसऱ्या दिवशी रक्कम परत आली.

आम्ही शिक्षकही धडा शिकविला, अशी नोंद वहीत करतो. मुलाला तो समजला की नाही, हे पाहण्यापूर्वीच आपण पोच तर देत नाही ना? त्या दिवसापासून सही करताना माझा हात क्षणभर थांबतो.