पिक कुठलं बसतं?

डिसेंबर लागला की आमच्या टपालाचा सूर बदलतो. स्पितीतले धबधबे गोठायच्या बेतात असतात, लेहजवळच्या गँगल्सला निघालेल्यांची तिकिटं झालेली असतात, आणि मग पत्र येतं : थमेलमधून टेक्निकल टूल्सची जोडी स्वस्तात मिळाली, पिक झिजलंय, दुसरं कुठे मिळेल? यंदा अशा पत्रांचा ढीग झाला, म्हणून उत्तर पत्रव्यवहाराच्या सदरात न देता इथे देतो आहोत.

जुनी टूल्स घेण्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडची निम्मी पोरं त्यावरच बर्फ चढायला शिकली. प्रश्न हातात काय येतं याचा आहे. गेल्या आठवड्यात एका वाचकाने आपली जोडी कार्यालयात आणून टेबलावर ठेवली. एका टूलचं पिक ग्राइंडरवर लावलेलं, टोकापासून पहिल्या दातापर्यंत निळसर पट्टा. म्हणजे पोलादाचं पाणी उतरलेलं. ते टोक पहिल्याच कडक बर्फात वाकणार. दुसऱ्याचं पिक भलत्याच कंपनीचं. बोल्टचं भोक कानशीने लांबट केलेलं आणि उरलेली फट भरायला पत्रा कापून केलेला वॉशर. डोकं धरून पिक आडवं पिळलं की टकटक आवाज. शाफ्टवर गोलातला टी ठसठशीत होता, पिकावरची खूण मात्र घासून गेलेली. विकणाऱ्याने ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून शपथेवर दिलं होतं.

ईएन 13089 खाली शाफ्टची आणि पिकाची खूण वेगवेगळी असते, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही लोक शाफ्ट बघून पैसे मोजतात. नावावरही जाऊ नका. पेट्झलचं ‘क्वार्क’ हे नाव लीशच्या जमान्यातल्या टूलवरही आहे आणि 2010 च्या सुमारास आलेल्या पूर्ण नव्या टूलवरही. नवं क्वार्क, नॉमिक आणि एर्गो यांची पिकं एकमेकांत चालतात. ब्लॅक डायमंडच्या व्हायपर, कोब्रा आणि फ्यूजनमध्येही तशी अदलाबदल होते. शार्ले मोझे 2000 मध्ये पेट्झलकडे गेली, सिमाँ 2008 मध्ये डेकॅथलॉनकडे. त्याआधीच्या टूलवर ‘पार्ट मिळतील’ असं कोणी सांगत असेल, तर पार्ट आधी हातात घ्या, टूल मग. बोल्ट सैल होतो का तेही दुकानातच बघा. ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेला पोलादी बोल्ट घरी आल्यावर निघत नाही, डोकंच फुटतं.

समजा नीट पारख करून घेतलं, कुटुंब ओळखलं, पिक अजून बनतं हेही कळलं. आता ते आणायचं कसं? इथून पुढे गिर्यारोहण संपतं आणि कस्टम सुरू होतं.

एका संस्थेने परदेशातल्या ओळखीच्या क्लाइंबरकडून दोन पिकं कुरिअरने मागवली. वजन धरा शे-दीडशे ग्रॅम प्रत्येकी. पाकीट अडलं. पहिला प्रश्न : हे शस्त्र आहे का? नाही म्हटल्यावर दुसरा : मग शेतीच्या हातहत्यारांच्या 8201 मध्ये धरायचं की खेळसाहित्याच्या 9506 मध्ये? संस्थेने बर्फावर लटकलेल्या माणसाचा फोटो पाठवला. उत्तर आलं की फोटोत पूर्ण वस्तू दिसते, पाकिटात सुटा भाग आहे, तरी वापराचं प्रमाणपत्र द्यावं. कोणी द्यावं? ते सांगायचं काम आमचं नाही. तेवढ्यात कोणाच्या तरी नजरेला पडलं की पाठवणाऱ्या भल्या माणसाने पावतीवर प्रामाणिकपणे ‘वापरलेलं’ असं लिहिलंय. झालं! विदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकीचा वापरलेला माल निर्बंधित; आणायचा तर महासंचालनालयाची परवानगी हवी. दोन पिकांसाठी आयात परवाना! पाकीट परत गेलं, आणि राहिल्या दिवसांचं गोदामभाडं संस्थेने भरलं.

हीच दोन पिकं टूलला लावून कोणी चेक-इन बॅगेतून आणली असती, तर वैयक्तिक सामान म्हणून बिनबोभाट आली असती. नियमाला हेतू आहे, परदेशी भंगार इथे ओतलं जाऊ नये हा. तो आम्हाला मान्यच आहे. पण एक पिक आणि कंटेनरभर भंगार यांतला फरक कळायला हिमालयात जावं लागत नाही. साहेबांनी ‘नाही’ म्हणावं, पण लेखी म्हणावं आणि कुठल्या कलमाखाली ते सांगावं. तोंडी नकाराविरुद्ध अपील कुठे करायचं?

आता आपल्याकडे वळू. दोन सालांपूर्वी याच पानावरून आम्ही क्लबांना विनंती केली होती की गिअर रूममधल्या टूल्सची यादी करा. आलेल्या याद्या टाचणीने एकत्र लावता येतील एवढ्याच आहेत. मोठ्या मोहिमा करून आलेल्या संस्थांच्या कपाटांत डोकी, हॅमर, ॲड्झ, सुटे बोल्ट पडून आहेत, कुलपात. किल्ली एका माजी कार्यवाहांकडे आणि ते मुलाकडे परदेशात. मागायला गेलं तर ‘कमिटीत ठेवू’. कमिटी भरेपर्यंत मार्च उजाडतो आणि बर्फ वितळतो. कस्टमला नावं ठेवायचा आपल्याला अधिकार आहे का, असा प्रश्न अशा वेळी पडतो.

तेव्हा मंडळी, या महिन्यात एवढं करा. कुलूप उघडा. पिक सोडवून कोऱ्या कागदावर ठेवा आणि टोकदार पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारा, भोकांसकट. भोकाचा व्यास आणि पिकाची जाडी व्हर्नियरने मोजून शेजारी लिहा. शाफ्टवरचा अनुक्रमांक आणि दोन्ही खुणा उतरवा. जे जोडीला लागत नाही, त्यापुढे ‘देणे आहे’ असं लिहा. फुकट की पैशाने, तो तुमचा प्रश्न. हे कागद आम्ही आहेत त्या मापात छापू, म्हणजे सोलापूरच्या पोराला आपलं पिक पानावर ठेवून जुळतं का ते बघता येईल. ज्यांचं पाकीट अडलं असेल, त्यांनी पावतीची प्रत आणि अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. तो गठ्ठा महासंघामार्फत दिल्लीला पाठवायचा आहे, आणि त्यासाठी ऐकीव हकिगती उपयोगाच्या नाहीत, कागद लागतो.

20 तारखेनंतर आलेले कागद फेब्रुवारीच्या अंकात जातील. फोनवरून मापं सांगू नयेत.