ताऱ्यांच्या हिशेबात न मावणारा चित्रपट

चित्रपट कसा होता, या प्रश्नाला हल्ली अंकांत उत्तर मिळते. ‘पाचपैकी साडेतीन’ किंवा ‘दहापैकी आठ’. उत्तर देणारा निश्चिंत होतो, ऐकणाराही तिकीट काढायचे की नाही हे ठरवून मोकळा होतो. दोघांमध्ये चित्रपटाविषयी एका अक्षराचेही बोलणे झालेले नसते.

तारे देण्याची रीत तशी जुनी. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्राने १९२८ साली परीक्षणासोबत तारे छापण्यास प्रारंभ केला. परंतु त्या ताऱ्यांखाली लेख असे आणि लेखाखाली नाव असे. चित्रपट पाहिलेल्या व्यक्तीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला तो निवाडा होता. आज तारे उरले आहेत. लेख आणि नाव दोन्ही बाजूला पडले आहेत.

या मोजमापाचा तोकडेपणा पाहायचा असेल तर सप्टेंबर २०२५ मधील दोन मराठी चित्रपट आठवावेत. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ आणि त्यानंतर आठवड्याभराने आलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. पहिल्यात कोकणची भूमी, दशावतारी कलावंत आणि खाणीचे संकट. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी त्यातील वृद्ध नटाचे थकलेपण आणि रंगमंचावर चढताच अंगात संचारणारे तेज असे काही साकारले आहे की, केवळ तेवढ्यासाठी हा चित्रपट पाहावा. मात्र उत्तरार्धात कथा सूडाच्या परिचित वाटेने जाते आणि पूर्वार्धाने कमावलेला संयम सैल होतो. दुसऱ्या चित्रपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला अविवाहित मुलगा, त्याच्या लग्नाची चौकशी करणारे नातेवाईक आणि बालमित्राशी त्याचे जुळत जाणारे नाते असा त्याचा विषय. या पृष्ठांच्या अनेक वाचकांना तो रुचणार नाही, हे उघड आहे. तरीही पार्श्वसंगीताचा आधार न घेता सुतकातल्या घराची शांतता, तिथले नेमधर्म आणि सगे-सोयऱ्यांची दबलेली कुजबुज त्याने ज्या अचूकपणे टिपली आहे, ती मान्य करण्यास विषय आवडण्याची अट नाही. आता या दोहोंना ‘साडेतीन’ हाच अंक दिला, तर कोणाविषयी काय सांगितले गेले?

सरासरी काढली की घोळ अधिक वाढतो. ‘रॉटन टोमॅटोज’ या प्रसिद्ध अमेरिकी संकेतस्थळावरील टक्केवारी म्हणजे गुणांची सरासरी नव्हे. किती समीक्षकांनी अनुकूल मत दिले, त्यांचे ते प्रमाण. सर्वांनीच ‘बरा आहे’ म्हटले तर बेताच्या चित्रपटालाही शंभर टक्के मिळतात. आणि निम्म्या समीक्षकांनी ज्याला असामान्य मानले व निम्म्यांनी नाकारले, तो पन्नासावर थांबतो. पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचे चित्रपटच पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले जातात.

याहून गंभीर गोष्ट पक्षाभिनिवेशाची. ‘द काश्मीर फाइल्स’ मार्च २०२२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ‘आयएमडीबी’वरील त्याचे गुण दहाला टेकले होते. मतदानात असाधारण हालचाल दिसल्याचे सांगून त्या संकेतस्थळाने मोजणीची पद्धत बदलली आणि गुण घसरले. दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. काश्मिरी हिंदूंच्या वेदनेला पडद्यावर स्थान मिळावे, ही भावना रास्तच होती. परंतु न पाहता दहा गुण देणारा आणि न पाहता एक गुण देणारा, या दोघांनी त्या वेदनेची सारखीच उपेक्षा केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘लालसिंग चढ्ढा’वर बहिष्काराच्या घोषणा तर प्रदर्शनापूर्वीच सुरू झाल्या होत्या. चित्रपट पाहायला न जाणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला गुण देणे हा मात्र कोणाचाच अधिकार असू शकत नाही, मग तो आपल्या विचारांचा असला तरी.

या गुणांची किंमत निर्माता मोजतो. पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही की सोमवारपासून मल्टिप्लेक्समधले खेळ कमी होतात. लहान मराठी चित्रपटाला तर आरंभीच गैरसोयीच्या वेळा मिळतात. मराठी चित्रपटांना सोयीची वेळ द्यावी, म्हणून राज्य शासनाला २०१५ साली हस्तक्षेप करावा लागला, तो याचसाठी. हेतुपुरस्सर केलेल्या बदनामीचा प्रश्न केरळच्या उच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा न्यायालयाच्या सहायकांनी २०२४ मध्ये पहिले ४८ तास परीक्षणे थांबवावीत असे सुचवले होते. निर्मात्यांची व्यथा खरी असली तरी उपाय चुकीचा आहे. अशा बंदीने खोटे गुण देणारा थांबत नाही, तो दुसरे नाव घेऊन येतो. प्रामाणिक लिहिणाऱ्याचे तोंड तेवढे बंद होते.

मराठीपुरता आणखी एक दोष आपल्याच घरचा आहे. ‘मराठी आहे, म्हणून पाहा’ असे सांगत आपण एक तारा दयेपोटी वाढवतो. २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने मराठीला तो मान लाभला. शस्त्रक्रियेने दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला आदल्या दिवशी आजोबा रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जग दाखवतात. घरोघरी त्या प्रसंगाविषयीच बोलले गेले, आणि ऐकणारे स्वतःहून चित्रपटगृहाकडे वळले. त्याही पूर्वी, १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. पाहून आलेल्या माणसाला विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरचा भाव सांगायचा असे आणि गौरीने साकारलेल्या संसारी जिजाईचा त्रागाही सांगायचा असे. वाड्याच्या अंगणात त्यावर वाद होत. कोणाला तुकोबांचे वैराग्य पटे, कोणी जिजाईची बाजू घेई, आणि वाद मिटला नाही तर मंडळी चित्रपट पुन्हा पाहायला जात.