आधी भिंत ओळखा

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या मते त्याहून अवघड परीक्षा जुने घर दुरुस्त करताना होते. जुन्या घराला स्वतःचा स्वभाव असतो. तो न ओळखता कामाला हात घातला, की पैसा पाण्यात गेलाच म्हणून समजा.

आपल्या हैदराबादेतील जुनी घरे घ्या. दगडविटांच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया. ओल येऊन पोपडे सुटू लागले की मालक मेस्त्रीला बोलावतो आणि मेस्त्री सिमेंट सुचवतो. काम चार दिवसांत उरकते, भिंत गुळगुळीत दिसते. परंतु चुन्यातून भिंतीतील ओल हळूहळू बाहेर पडत असते. सिमेंट ती वाटच बंद करते. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि काही पावसाळ्यांनी नवा गिलावा जुन्या भिंतीची साल घेऊन खाली येतो. मग सगळे म्हणतात, “घरच मोडकळीला आले, पाडून टाका!” रोग एक आणि औषध भलतेच, यात घराचा काय दोष?

हा नुसता पुस्तकी तर्क नव्हे. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांवर विसाव्या शतकात सिमेंट थापले गेले होते. २०१३ साली आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने तेथे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले, तेव्हा ते सिमेंट काढून पुन्हा चुनाच लावावा लागला. हे काम २०२४ साली पूर्ण झाले. जे मकबऱ्याला लागू, तेच आपल्या चौसोपी घराला लागू नाही काय?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की दुरुस्तीची आखणी पाण्यापासून करावी. ओल कोठून येते, हे आधी शोधावे. छत, पन्हळी व मोऱ्या मृग लागण्यापूर्वी नीट कराव्यात. पावसाळा ही त्या कामाची परीक्षा. भिंतींना हात दसऱ्यानंतर लावावा; कारण चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो आणि रणरणत्या उन्हात झटपट वाळला तर तडकतो. रंग सर्वांत शेवटी. आपण मात्र नेमके उलटे करतो: लग्नकार्य तोंडावर आले की आधी रंग!

चुन्याचे कुशल गवंडी सहज मिळत नाहीत, काम सावकाश चालते, खर्चही वाढतो, हे आक्षेप खरे आहेत. एकाच भिंतीला दोनदा गिलावा करण्याचा खर्च मात्र कोणी धरत नाही. तुळई कुजली असेल वा पाया खचला असेल, तर अभियंत्याचाच शब्द अखेरचा मानावा. तेथे भावनेला थारा नको. पण पाडण्याचा निर्णय त्या तपासणीनंतर व्हावा, पोपडे पाहून नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, सुटीत घरी गेलात तर एक वही घेऊन घरभर फिरा. ओल कोठे आहे, पाणी कोठून मुरते, तडा कोठून कोठे गेला आहे, हे टिपून ठेवा. मेस्त्रीला बोलावण्याआधी वडीलधाऱ्यांच्या हाती ही वही पडली, तर एखादे घर तरी नाहक पाडले जाण्यापासून वाचेल.